मेंबरबाईंची गैरहजेरी

वाटूर,
२७ मार्च २०१७

साधनाताई,

नमस्कार. माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटलं असेल. दोघी सख्ख्या जावा, तुम्ही बदनापूरला, मी वाटूरला, मंग फोन का न्हाई केला म्हणाल. निकाल लागल्यापासून माझा मोबाईल ह्यांच्याकडं आहे. लोकांचे फोन तेच घेतात. "बोला, मेंबर बोलून राह्यलो," म्हणतात. मी शेजारी भाकरी थापत असते.

पहिल्या सभेला जालन्याला गेल्ते. केवढा मोठा हॉल. प्रत्येकीच्या पुढं माईक. अध्यक्षाची निवड होती. हात कधी वर करायचा ते ह्यांनी दारातून खुणेनं सांगितलं, मी केला. जेवण चांगलं होतं. झालं, मी जिल्हा परिषदेची सदस्य.

आता रोज सकाळी ओट्यावर माणसं बसलेली असतात. कोणाचा हापसा बंद, कोणाच्या पोराची मास्तरकीची बदली, कोणाला घरकुल. एक म्हातारी तर सुनेला समजवा म्हणून आली. सगळ्यांना हे 'हो' म्हणतात. मी ह्यांना विचारलं, माझं काम नेमकं काय? म्हणले, तू फक्त सही करायची.

ताई, तुम्ही एवढी वर्षं कॉलेजात हाच विषय शिकवला. मला एवढंच सांगा, मी करायचं काय? उत्तर घरच्या पत्त्यावर नका पाठवू. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या नंदाबाईच्या नावानं पाठवा. ती माझ्या हातात देईल.

तुमची,
बेबीनंदा


बदनापूर,
५ एप्रिल २०१७

प्रिय बेबीनंदा,

निकालाच्या दिवशी मी अभिनंदनाचा फोन केला होता. तो अंगदभाऊजींनी घेतला आणि "थँक्यू वहिनी" म्हणून ठेवला. म्हणून आज तुला पहिल्यांदाच सांगते : अभिनंदन. मला आनंद झाला. हे वाक्य मी तीन वेळा लिहिलं आणि दोन वेळा खोडलं. तिसऱ्यांदा तसंच ठेवलं आहे.

जानेवारीत उमेदवार ठरवायला आबांनी घरी बोलावलेल्या बैठकीत थोरली सून म्हणून पहिलं नाव माझं निघालं होतं, ते तुला आठवत असेल. मीच उठून सांगितलं, की मला तीन मुलं आहेत, त्यातली जुळी कायद्यातल्या तारखेनंतर झालेली, मी दोन मुलांच्या नियमात बसत नाही. आबांनी सुपारी कातरता कातरता म्हटलं, "मंग धाकटीचं नाव टाका." इतक्या सहज. मग तुझं पत्रक मी लिहिलं, तुझी भाषणं मी लिहिली. हे टोचून लिहीत नाही, असं लिहिणार होते. पण थोडं टोचूनच लिहिलं आहे, तेव्हा तसं म्हणण्यात अर्थ नाही.

आता तुझा प्रश्न. हापसा दुरुस्त करणं हे सदस्याचं काम नाही. तो का बंद आहे, हे ज्याची जबाबदारी आहे त्याला सभेत, सगळ्यांसमोर विचारणं हे सदस्याचं काम. तुम्ही निवडून आलेले लोक आराखडा आणि अंदाजपत्रक मंजूर करता. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि त्यांचं खातं ते अमलात आणतं. ते अमलात आलं की नाही, हे पुन्हा तुम्हीच विचारायचं. अधिकारी सरकारनं नेमलेले असतात, तुला लोकांनी नेमलं आहे. म्हणून त्यांनी उभं राहून उत्तर द्यायचं असतं आणि तू प्रश्न विचारायचा असतो. प्रश्न लेखी, मुदतीच्या आत द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. मागच्या सभेचा वृत्तांत वाचल्याशिवाय मान हलवायची नाही.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेव. हजेरीपटावर सही तुझ्या हातची, सभागृहात बसून. आणि कोऱ्या लेटरहेडवर सही कोणासाठीच करायची नाही. कोणासाठीच म्हणजे कोणासाठीच.

तुला एखादा प्रश्न विचारायचा असेल तर मला कळव. मी मसुदा करून देईन. कोणीतरी ते नीट लिहायला हवं.

साधना


वाटूर,
२९ ऑगस्ट २०१७

साधनाताई,

तुम्ही लिहून दिलेला प्रश्न मी अठरा तारखेच्या सभेत विचारला. सगळं सांगते.

आपल्या गटातल्या त्या गावची अंगणवाडीची खोली बांधून दोन वर्षं झाली आणि लेकरं लिंबाखाली बसतात, कारण कंत्राटदारानं खोलीत सिमेंटच्या गोण्या भरून कुलूप घातलं, हे मी तुम्हाला कळवलं होतं. प्रश्न मी ह्यांना न दाखवता दिला. नंदाबाईच्या भाच्यानं पोच आणून दिली.

माझा नंबर आला. शेजारी फरजाना आपा बसतात, त्या दुसऱ्या पक्षाच्या, दुसऱ्या तालुक्याच्या. त्यांनी माईकचं बटन दाबून दिलं आणि हळूच म्हणल्या, "कागद मत देखो, साहब को देखो." मी तुमची तीन वाक्यं वाचली. मंग कागद खाली ठेवला आणि माझं एक म्हणलं, "साहेब, सिमेंटला सावली आणि लेकराला ऊन, असं कुठं असतं का?" सगळा हॉल हसला. साहेब उभे राह्यले. चौथ्या दिवशी कुलूप निघालं. मी बघायला गेल्ते. लेकरं नव्या फरशीवर लोळून राह्यली होती.

पेपरात फोटो आला. खाली लिहिलंय, 'अभ्यासू सदस्य'.

एक गोष्ट मला तिथं गेल्यावर कळली. ज्या कंत्राटदाराचं कुलूप, त्याच्याच गाडीत बसून आम्ही सभेला गेल्तो. येताना हे त्याच्या गाडीत बसले आणि मी यष्टीनं आले. घरी आल्यावर दोन दिवस बोलले न्हाईत.

पण ताई, मला लई बरं वाटून राह्यलं. हे सगळं तुमच्यामुळं.

बेबीनंदा


बदनापूर,
१० सप्टेंबर २०१७

प्रिय बेबीनंदा,

पेपर आमच्याकडेही येतो. यांनी ते कात्रण त्यांच्या संशोधन केंद्रात नेऊन सगळ्या सहकाऱ्यांना दाखवलं. "आमची धाकटी" म्हणून सांगितलं. वीस वर्षांत माझं काही कोणाला दाखवल्याचं मला आठवत नाही. अर्थात दाखवण्यासारखं काही नव्हतं. तासिकांवर शिकवणाऱ्या बाईचा फोटो पेपरात येत नसतो.

'अभ्यासू' हा शब्द मी बराच वेळ पाहत होते. त्या प्रश्नाचा अभ्यास कोणी केला, हे तू जाणतेस, मी जाणते. तिसऱ्या माणसाला ते कळायची गरज नाही, असं मी रोजनिशीत लिहिलं आहे. मग लिहायची तरी गरज का पडली, हा प्रश्नही खाली लिहिला आहे.

तुझं ते सिमेंटचं वाक्य चांगलं होतं. मला सुचलं नसतं. पण सभागृहात लोक हसले की प्रश्नाचं गांभीर्य कमी होतं, एवढं ध्यानात ठेव. आणि फरजानाबाई शेजारी आहेत हे बरंच आहे, मात्र त्यांच्या सांगण्यावरून काही करण्याआधी मला विचारत जा.

साधना


वाटूर,
२४ नोव्हेंबर २०१७

साधनाताई,

मधे दोन महिने पत्र न्हाई, रागावल्या असाल. इकडं सगळं बिघडलंय.

त्या कुलपापासून ह्यांनी मला जालन्याला नेणं बंद केलं. समितीच्या सभेला न्हाई, सतरा तारखेला मोठी सभा झाली तिला न्हाई. मी पिशवी भरून दारात उभी होते. म्हणले, "तुला तिथं बोलायची सवय लागली. घरी बस जरा." आबा समोर होते, त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. यष्टीनं एकटी जावं तर घरात आठ दिवस तमाशा. पोरगी दहावीला आहे, ती रडती.

म्हणजे अठरा ऑगस्टनंतर मी हॉलचं तोंड बघितलं न्हाई. हे म्हणतात, सभेला गेलं काय, न गेलं काय, पाच वर्षं कोणी काढू शकत न्हाई.

ताई, हे बराबर आहे का? मेंबर सभेला गेलंच न्हाई तर काही होतं का? कुठं लिहिलेलं आहे का? तुमच्याशिवाय कोणाला विचारू. तुम्ही सांगाल तसं करीन. जल्दी कळवा.

बेबीनंदा


बदनापूर,
९ डिसेंबर २०१७

प्रिय बेबीनंदा,

उत्तराला उशीर झाला. सहामाहीचे पेपर तपासत होते.

तू फार काळजी करू नयेस. एखाद-दुसरी सभा चुकल्यानं कोणाचं काही बिघडत नाही. अनेक सदस्य सभांना जात नाहीत. मुलीचं दहावीचं वर्ष आहे, तेव्हा सध्या घरातली शांतता महत्त्वाची. अंगदभाऊजींचा राग निवेपर्यंत थोडं थांबायला हरकत नाही.

थंडी वाढली आहे. आबांना कानटोपी घालायला सांग.

साधना


वाटूर,
२० जानेवारी २०१८

साधनाताई,

तुमचं पत्र आलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. तुम्ही म्हणलात म्हणून मी थांबले. ह्यांच्याशी भांडण बिलकुल बंद. आता घरात हसणं-बोलणं आहे, पोरगी अभ्यासाला बसून राह्यली. हेही परवा म्हणले, "मोठ्या वहिनीसारखं शहाणपण आलं तुला."

पुढची मोठी सभा पंधरा फेब्रुवारीला आहे. नोटीस आली. मी न्हाई जाणार. एप्रिलात पोरीची परीक्षा झालेली असेल, तेव्हा बघू.

सभेला न गेल्याचं मनाला लागतं. रात्री उगीच वाटतं, त्या अंगणवाडीची किल्ली परत कोणी नेली असेल. पण तुमच्यासारखी जाणती बाई सांगती म्हणल्यावर मी मनाला गप करते. दुसरी कोणी म्हणली असती तर ऐकलं नसतं.

संक्रांतीचा तिळगूळ नंदाबाईच्या हाती पाठवलाय, तिची बहीण बदनापूरला दिली आहे.

बेबीनंदा


बदनापूर,
३ फेब्रुवारी २०१८

बेबीनंदा,

हे पत्र पूर्ण वाच, आणि वाचल्यावर आधी खाली सांगितलेलं कर. माझ्यावर रागव, पण ते नंतर.

परवानगी न घेता लागोपाठ सहा महिने जिल्हा परिषदेच्या सभांना गैरहजर राहिलं, तर सदस्यत्व जाऊ शकतं. तू शेवटची बसलीस अठरा ऑगस्टला. अठरा फेब्रुवारीला सहा महिने भरतात. मध्ये एकच सभा आहे, पंधरा तारखेची. त्या सभेला जा, हजेरीपटावर सही कर, सभा संपेपर्यंत बस. आजारपणामुळे किंवा कशामुळेही जाता आलं नाही, तर रजेच्या परवानगीचा अर्ज सोबत लिहून ठेवला आहे, तो आधीच देऊन पोच घे. अंगदभाऊजींनी अडवलं तर हे पान त्यांना वाचून दाखव. तुझं पद गेलं तर त्यांनाही फोनवर 'मेंबर बोलतोय' म्हणता येणार नाही.

हे मला नोव्हेंबरातच कळलं होतं. तू विचारलंस, कुठं लिहिलेलं आहे का. मला नक्की आठवत नव्हतं, म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयातून कायद्याचं पुस्तक घरी आणलं. गैरहजेरीचं कलम सापडलं. ते तुला उतरवून पाठवायला वही उघडली होती. पण मला सवय आहे मागचीपुढची पानं वाचायची. अपात्रतेच्या कलमाखाली बारीक टायपात स्पष्टीकरण दिलेलं आहे. पहिल्या मुलानंतर एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली, तरी ती एकच धरायची.

माझी जुळी, बेबीनंदा. मला तीन मुलं आहेत आणि कायद्याच्या हिशेबी दोन. मी पात्र होते.

कोणी मला वगळलं नव्हतं. भर बैठकीत उठून मीच माझ्या तोंडानं सांगितलं, मी नियमात बसत नाही. किती प्रामाणिक आहे मी, असंही तेव्हा वाटलं होतं. पाठ्यपुस्तकात दोन मुलांपुढे काही दिलेलं नव्हतं, आणि मी वर्षानुवर्षं तेवढंच शिकवत आले. पुस्तक एकदा उघडून पाहायचं माझ्यानं झालं नाही. तिथे तुझ्या जागी मी बसले असते. तो फोटो माझा असता. सिमेंटचं वाक्य सुचलं नसतं, पण फोटो आला असता.

मग मी तारखा मोजल्या. तू फेब्रुवारीपर्यंत गेली नाहीस तर जागा रिकामी होते. पोटनिवडणूक लागते. आबा यावेळी पुन्हा मोठीचं नाव घेतील. मी रोजनिशीच्या शेवटच्या पानावर माझं पूर्ण नाव लिहून पाहिलं, मतदार यादीत आहे तसं, आडनाव आधी. मग तुला ते नऊ डिसेंबरचं पत्र लिहिलं. त्यात एक वाक्यही खोटं नाही, हे मी तपासलं होतं. एखाद-दुसरी सभा चुकल्यानं खरंच काही बिघडत नाही. आबांच्या कानटोपीचंही खरं होतं. इतकी काळजी मी खरं लिहिताना कधी घेतली नव्हती.

मला तुझा हेवा वाटत होता हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तो रोज लिहून काढत होते आणि लिहिलं म्हणजे निचरा झाला असं समजत होते. तसं झालं नाही. तो तिथे जमत गेला.

मग तुझं जानेवारीचं पत्र आलं. 'तुम्ही म्हणलात म्हणून.' तरी मी दहा दिवस गप्प राहिले, हे लपवत नाही. या आठवड्यात बारावीला लोकप्रतिनिधींची कर्तव्यं शिकवत होते. फळ्यावर सगळी लिहिली. गैरहजेरीचा नियम लिहिला नाही. ठरवून नव्हे, हात तिथून आपोआप पुढे गेला. तुझ्याशी खोटं वागता वागता मी वर्गातही तसंच वागायला लागले होते. त्या दिवशी घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं. कच्चे खर्डे चार झाले.

तुझी यात काही चूक नाही. तू माझ्याशी कधी काही लपवलं नाहीस. क्षमा मागते म्हणणं सोपं आहे, म्हणून मागत नाही. तू पंधरा तारखेला सभेत बस.

साधना


वाटूर,
२० फेब्रुवारी २०१८

साधनाताई,

पत्र आठ तारखेला मिळालं. तुम्ही सांगितल्याप्रमाणं पहिलं पान ह्यांना वाचून दाखवलं. बाकीची न्हाई. हे एकदम उभे राह्यले, गाडीची किल्ली शोधायला लागले. म्हणले, "आत्ताच्या आत्ता जाऊ, साहेबांना भेटू." मी म्हणलं, सभा पंधराला आहे आणि मी नंदाबाईला घेऊन यष्टीनं जाणार आहे. तर म्हणले, "मंग लोक मला काय म्हणतील?"

मी म्हणलं, "अंगद म्हणतील. तेच नाव आहे तुमचं."

आबा माजघरात खोकल्यासारखं हसले. मोबाईल मी त्याच दिवशी ह्यांच्या खिशातून काढून घेतला. तरी हे पत्रच लिहिते, कारण फोनवर मला हे बोलता येणार न्हाई.

पंधराला सगळ्यांच्या आधी हॉलात जाऊन बसले. शिपायानं हजेरीपट आणला, मी सही केली. फरजाना आपांनी माझ्या सहीवर बोट ठेवून तारीख बघितली आणि म्हणल्या, "तीन दिन बाकी थे. मैं तो समझी, तू गई." सगळ्यांनी मोजून ठेवलेलं होतं, ताई. आपल्याच घरात कोणी मोजलं न्हाई, असं मला वाटत होतं. मोजणारी एक होती.

तुमचं पत्र वाचून मी आधी लई रडले. मंग राग आला. दोन दिवस तुमच्या नावानं बोटं मोडली, नंदाबाई साक्षीला आहे. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणली, "आता तू बी सांगून टाक."

तर सांगते. गेल्या सालच्या जानेवारीतल्या त्या बैठकीत तुम्ही तीन लेकरं म्हणलात तेव्हा मी दाराआड उभी होते. दुसऱ्या दिवशी नंदाबाई घरी आली. तिच्या एका भावजयीला जुळी आहेत आणि ती सरपंच झालेली आहे. म्हणली, "मोठ्या बाईंना सांग, जुळं एकच धरतात. अर्ज भरायला अजून पाच दिवस आहेत."

मी तिला चहा पाजला आणि म्हणलं, सांगते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मोठीसारखं बोल, मोठीसारखं वाच, एवढंच ऐकलं. एकदा तरी माझं नाव आधी निघावं वाटत होतं. पाच दिवस मी रोज सकाळी ठरवायची, आज फोन करीन. तुम्ही माझं पत्रक लिहून पाठवलंत, मी ते वाचलं. फार सुंदर लिहिलं होतं. तरी न्हाई केला.

मेंबरकी मी सोडणार न्हाई, तुम्ही सोड म्हणू नका. आबांना जुळ्याचं मी स्वतः सांगणार आहे, नंदाबाईचंही सांगणार आहे, घरात सगळे असताना. तुम्ही त्या दिवशी इथं असावं असं वाटतं, पण या म्हणायला तोंड न्हाई.

तुम्ही लिहिलंत, मी तुमच्याशी कधी काही लपवलं न्हाई. ते वाक्य मला वाचवत न्हाई. तुम्ही बारा दिवस आधी तरी सांगितलंत. मी वर्ष घालवलं.

बेबीनंदा